झबलं, कुंची, परकर: तान्ह्या आणि लहान मुलांच्या कपड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आजही बारशाच्या आधी घरात एक ठरलेली धांदल उडते: झबली किती, टोपडी कुठून, कुंची कोणी शिवायची, आजीच्या पेटीतली जुनी वापरायची की नाही. त्यासोबत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही इतिहासाचे आहेत, काही कात्रीचे. या विषयात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, कारण लहान मुलाचा कपडा तीन गोष्टींनी घडतो: मूल झपाट्याने वाढतं, कपडा रोज धुवावा लागतो आणि कापडाला पैसे पडतात.

पूर्वी तान्ह्या बाळाला नेमकं काय घालत?

झबलं, टोपडं, लंगोट आणि गुंडाळायला दुपटं. बाहेर न्यायचं असेल तर वरून कुंची. कपड्यांची यादी इथे संपते. पुढे बाळलेणी: वाळे, मनगट्या, बिंदल्या, कमरेला करगोटा, दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी. बाळ रांगायला लागलं की घरात बरेचदा करगोटा एवढाच पोशाख असे. मुंबईच्या हवेत त्यात गैर काही नव्हतं, आणि धुणंही वाचत होतं.

मुलगा आणि मुलगी यांच्या झबल्या-टोपड्यात फरक नसे. तो फरक चालायला लागल्यावर यायचा: मुलीला परकर-पोलकं, मुलाला बंडी किंवा सदरा आणि चड्डी.

पहिलं झबलं जुन्या कापडाचंच का? नवं का चालत नाही?

जन्माआधी नवं काही शिवू नये, पहिले कपडे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वापरलेल्या कापडाचे असावेत, ही समजूत अनेक घरांत आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. कापडाच्या बाजूने पाहिलं तर सल्ला उत्तम आहे. नव्या सुती कापडात खळ असते, ताण्याच्या धाग्याला विणण्यापूर्वी लावलेली आणि नंतर विक्रीसाठी घातलेली. तिने कापड कडक राहतं आणि नाजूक कातडीला घासतं. आजोबांचं धोतर किंवा आजीचं नऊवारी शेकडो धुण्यांतून गेलेलं असतं. त्यातली खळ गेलेली, रंग सुटायचा तेवढा सुटलेला, कापड आटायचं तेवढं आटलेलं.

नवं कापड घेतलंत तर हेच काम करून घ्या: रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबणाने धुवा, दोनदा खळबळा, वाळवा. असं किमान दोनदा. कापड कापायच्या आधीच धुवायचं. आधी शिवून मग धुतलं तर सुती कापड आटतं आणि नेमका गळा आवळतो.

झबलं शिवायला कापड किती लागतं आणि कसं कापायचं?

९० सेंमी पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) मलमलीचे ७० सेंमी घेतले तर नवजात बाळाची दोन झबली निघतात. धुतल्यावर कापड थोडं आटणार, ते यात धरलं आहे.

पन्ह्याच्या दिशेने दोन सारखे तुकडे करा, प्रत्येकी ४५ सेंमी रुंद आणि साधारण ६५ सेंमी लांब. तुकडा आडवा दुमडा, दुमड खांद्यावर येईल. खांद्याला शिवण नको, कारण ती बाळाला टोचते. अंगाची रुंदी मधोमध २४ सेंमी, दोन्हीकडे ९-९ सेंमीच्या बाह्या, उरलेली माया (जादा कापड) शिवणीला. बाहीची रुंदी दुमडीपासून खाली १० सेंमी. काखेत काटकोन न ठेवता गोलाई द्या, नाहीतर तिथेच फाटतं. गळा ११ सेंमी रुंद, पुढे ४ सेंमी खोल, मागे फक्त १ सेंमी. मागचा पल्ला मधोमध वरपासून खालपर्यंत कापायचा.

बाजूची शिवण चोर शिवणीने घाला: आधी सुलट बाजूने, मग माया छाटून उलट बाजूने, म्हणजे कच्ची कड कुठेच उघडी राहत नाही. गळ्याला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचा गोट लावा. सरळ पट्टी लावली तर गळा ताठ उभा राहतो आणि हनुवटीखाली काचतो. ही चूक नवशिक्यांच्या हातून हमखास होते.

बंद दोन ठिकाणी: गळ्याशी एक जोडी, छातीमागे दुसरी. प्रत्येक बंद १२ सेंमी पुरे. जुन्या झबल्यांचे बंद बरेच लांब असत. तेवढे ठेवू नका, मूल हात हलवायला लागलं की ते बोटांत आणि गळ्याशी अडकतात.

तयार झबल्याचा घेर ४८ सेंमीच्या आसपास येतो आणि नवजात बाळाची छाती ३३-३४ सेंमी असते. पहिल्यांदा शिवणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. तरीही कमी करू नका. मागचे पल्ले एकमेकांवर येतात ते त्या जादा घेरामुळेच, आणि तेच झबलं तीन महिने पुरतं.

बंद पाठीमागेच का? पाठीखाली गाठ टोचत नाही का?

तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. डोक्यावरून कपडा चढवणं अवघड आणि धोक्याचं. झबलं पुढून दोन्ही हातांत सरकवायचं, बाळाला कुशीवर वळवायचं आणि मागे बांधायचं. शिवाय बाळाने दूध काढलं तरी ते पुढच्या सलग कापडावर पडतं, गाठ ओली होत नाही.

टोचण्याची तक्रार मात्र खरी आहे. उपाय म्हणजे मागचा एक पल्ला दुसऱ्यावर नीट ओढून गाठ मणक्यावर न येता कुशीकडे घ्यायची. अंगरख्यासारखं पुढून तिरकं बांधायचं झबलंही मिळतं. त्यात हा प्रश्नच येत नाही.

कुंची म्हणजे नक्की काय? घरी शिवता येते का?

कुंची म्हणजे टोपडं आणि पाठीवरचं पांघरूण, दोन्ही एकत्र. डोक्यावर टोकदार टोपी, तिथून खाली पाठ झाकणारा घोळ. खणाची, रेशमी, जरीकाठाची किंवा आतून फलालीन लावलेली असते. कडेला झालर, टोकाला गोंडा. बाळ-बाळंतीण माहेराहून सासरी निघतात तेव्हा किंवा देवदर्शनाला नेताना घालतात.

शिवायला सोपी आहे. ४० सेंमी रुंद आणि ६५ सेंमी लांब तुकडा घ्या, तेवढंच मऊ मलमलीचं अस्तर. तुकडा उभा दुमडा, म्हणजे २० सेंमी रुंदी राहील. वरची कड शिवली की टोपीचं टोक तयार झालं. टोकापासून १८-२० सेंमी खाली, मानेपाशी, तीन-चार चुण्या घेऊन घेर २६ सेंमीवर आणा. खालचा भाग मोकळा सोडा. खण वापरलात तर अस्तर टाळू नका, काठाची उलटी बाजू खरखरीत असते.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. हनुवटीखाली बांधायची नाडी लावू नका, त्याऐवजी एक टिचबटण घट्ट टाका. युरोपातल्या सुरक्षा नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी नाड्या चालत नाहीत, कारण त्यांनी गळफास बसून मुलं दगावली आहेत. आणि कुंची किंवा टोपडं घालून बाळाला झोपवू नका. बाळाच्या अंगातली उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर जाते, ती अडली तर मुंबईच्या दमट हवेत बाळ फार तापतं.

बाळाला घट्ट गुंडाळणं चांगलं की वाईट?

युरोपात अनेक शतकं बाळाला पट्ट्यांनी मानेपासून पायापर्यंत आवळून बांधत. १७६२ मध्ये फ्रेंच विचारवंत रूसोने त्यावर कडक टीका केली आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या सुशिक्षित घरांतून ती चाल मागे पडत गेली. आपल्याकडे दुपट्यात गुंडाळतात. ते छातीशी बेताचं आणि कमरेखाली सैल असावं. पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. पाय बेडकासारखे दुमडता-फाकवता आले पाहिजेत. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. पूर्वी काय करत?

चाळीच्या गॅलरीत दोऱ्या, आत बांबूच्या काठ्या, आणि बाळंतिणीच्या शेगडीवर पालथ्या टोपलीवर लंगोट पसरून शेक. शेगडीचा धूर आणि ठिणगी बाळाच्या खोलीत नको, म्हणून ती पद्धत आज सुचवत नाही. तत्त्व मात्र घ्या: लंगोट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घडी घालायची नाही. वरून कोरडा वाटणारा लंगोट शिवणीत दमट राहतो, त्याला कुबट वास येतो आणि जांघेत बुरशीचं पुरळ उठतं.

म्हणूनच जुना लंगोट एकेरी कापडाचा असे. ६० सेंमीचा चौरस तिरका कापला की दोन त्रिकोणी लंगोट. जाड, अनेक पदरी, आधीच शिवून दिलेले लंगोट जुलैत दोन दिवस वाळत नाहीत. पंख्याखाली टांगा, मग इस्त्री फिरवा. कपडे मऊ करणारं द्रव लंगोटाला वापरू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि लंगोट पाणी शोषेनासा होतो.

सेफ्टी पिन १८४९ मधली, अमेरिकेतल्या वॉल्टर हंटची. तिच्याआधी आणि नंतरही आपला लंगोट गाठीवरच राहिला. पॅम्पर्स १९६१ मध्ये अमेरिकेत आलं. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तसला डायपर रुळायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

परकराला आडवे मुडप का घालत?

मुडप म्हणजे कापड दुमडून शिवलेली पट्टी. ती घालत, कारण मुलगी वाढते. पहिल्या वर्षात मूल २५ सेंमीच्या आसपास वाढतं, तिसऱ्या वर्षानंतर वर्षाला साधारण ६. त्यातली कमरेखालची वाढ ४ सेंमीच्या आगेमागे. अडीच सेंमीचा एक मुडप ५ सेंमी कापड पोटात ठेवतो. दोन मुडप घातले तर १० सेंमी शिल्लक, म्हणजे दोन वर्षं परकर आखूड होत नाही. पहिल्या दिवाळीला दोन्ही मुडप, दुसऱ्या दिवाळीला एक उसवलेला, तिसऱ्या वर्षी तोच परकर धाकट्या बहिणीला पुन्हा मुडप घालून. कंबर नाडीची, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. पोलक्याला मात्र बाजूच्या शिवणीत दोन-दोन सेंमी माया हवी. शिंप्याच्या बोलीत जादा कापडाला माया म्हणतात, आणि लहान मुलाच्या कपड्यात ती खरंच ओतून ठेवावी लागते.

मुडप उसवल्यावर आतला पट्टा गडद दिसतो, कारण बाहेरचा भाग उन्हाने आणि धुण्याने उडालेला असतो. त्या रेघेवर वेगळ्या रंगाचा गोट किंवा लेस टाकतात. जुन्या परकरांवरच्या आडव्या पट्ट्या नक्षी म्हणून कमी आणि ही रेघ झाकायला जास्त आल्या आहेत. शंका असेल तर पट्टीच्या मागे पाहा, उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसतील.

शिमीज, गंजीफ्रॉक हे शब्द कुठून आले?

शिमीज हा फ्रेंच शब्द इंग्रजीवाटे आला. गंजीफ्रॉक म्हणजे मूळचा इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरच्या खलाशांचा विणलेला अंगरखा: गर्न्सीची झाली गंजी. बंदरावरून आलेला शब्द मुंबईच्या घराघरांत मुलांच्या अंगावर बसला, आणि बहुतेकांना तो आपलाच वाटतो.

जुन्या फोटोत पणजोबा फ्रॉकमध्ये दिसतात. तो फोटो मुलीचा आहे का?

एवढ्यावरून ठरवू नका. युरोपात चार ते सात वर्षांपर्यंत मुलगेही झग्यात असत. लंगोट बदलणं आणि लघवीला नेणं सोपं जावं, हे त्याचं व्यवहारी कारण. ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. मुंबईत ज्या घरांनी इंग्रजी कपडे उचलले, त्यांनी तेही उचललं. खलाशी पोशाखाचंही तसंच. १८४६ मध्ये इंग्लंडच्या लहानग्या राजपुत्राचं खलाशी वेशातलं चित्र रंगवलं गेलं आणि ती टूम जगभर गेली. चौकोनी कॉलरचा फोटो दिसला तर तो १८४६ नंतरचा, एवढंच सांगता येतं.

गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा, हे आपल्याकडे कधीपासून?

आपल्या परंपरेत हे नव्हतंच. आणि पाश्चात्त्यांकडेही ते जुनं नाही. जून १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने उलट सल्ला दिला होता: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलाला, निळा नाजूक म्हणून मुलीला. आजची वाटणी तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट झाली आणि तयार कपड्यांच्या दुकानांतून आपल्याकडे आली. बारशाला कोणता रंग घ्यावा असं विचाराल, तर आवडेल तो घ्या. फक्त डाग धुता येईल असा असू द्या.

संक्रांतीला काळं झबलं का? काय सांभाळायचं?

एरवी बाळाला काळं घालत नाहीत, पण पहिल्या संक्रांतीला मुद्दाम घालतात. काळा रंग उष्णता धरतो आणि संक्रांत थंडीतली, असं कारण सांगतात. चंद्रकळेच्या जुन्या तुकड्याचं झबलं शिवायची सुंदर रीत होती. जुनी चंद्रकळा रंग सोडत नाही. नवं काळं कापड सोडतं. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा जोरात घासा. रुमाल काळा झाला तर ते कापड पुन्हापुन्हा धुवा, डाग उमटायचा थांबेपर्यंत बाळाला घालू नका.

बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घालता तेव्हा ते दोऱ्यात ओवलेले असावेत, टाचण्यांनी टोचलेले नकोत. घामाने हलवा चिकटतो, सुटतो आणि थेट तोंडात जातो. लहान मुलाच्या घशात तो अडकू शकतो. फोटो झाले की लगेच उतरवा.

पारशी झबलं आपल्या झबल्यापेक्षा वेगळं आहे का?

नाव तेच, वस्तू वेगळी. पारशी मुलामुलींचं झबलं म्हणजे सैल रेशमी अंगरखा, खाली इजार, डोक्यावर टोपी. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घरांत चिनी भरतकामाचं रेशीम येई. त्यावर फुलं, पक्षी, फुलपाखरं भरलेली. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, झाली की मूल पांढऱ्या मलमलीचा सदरा आणि कुस्ती (कमरेला गुंडाळायचा पवित्र दोरा) धारण करतं. त्या सदऱ्याला गळ्यापाशी एक इवलासा खिसा असतो, सत्कृत्यं साठवायला. ह्यूजेस रोडजवळ खरेघाट कॉलनीत फ्रामजी दादाभॉय आल्पाईवाला संग्रहालय आहे, तिथे पारशी वस्त्रं पाहायला मिळतात.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या प्रतिमाही बघा. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख त्यांत बारकाव्याने दाखवले आहेत. पोशाखाचा अभ्यास करणाऱ्याने तिथे वही घेऊन जावं.

गिरण्यांमुळे मुलांचे कपडे बदलले का?

खूप. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली कापड गिरणी स्थापन केली, ताडदेवला. पुढे गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि शिवणयंत्र आलं, तसा मुलांसाठी वेगळा नवा कपडा शिवणं साध्या घरांनाही जमू लागलं. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची होळी झाली, त्यानंतर कित्येक घरांत मुलांच्या अंगावरही खादी आली. जाडीभरडी खादी मोठ्यांना निभावते, पण तान्ह्याच्या कातडीला ती जुनी झाल्यावरच बरी. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं आणि ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द रूढ झाला. त्या काळच्या झबल्यांत दोन-तीन वेगवेगळ्या कापडांचे जोड सापडतात.

दिवाळीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातले कपडे, ही गिरणगावातली ओळखीची गोष्ट. त्याला हिशेब होता: मोठ्याच्या सदऱ्याच्या कातरणीतून धाकटीच्या फुग्याच्या बाह्या निघत. वेगवेगळी कापडं घेतली तर प्रत्येकातलं कातरण वाया जाणार. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलिन, टेरिकॉट आलं. इस्त्री नको, रंग उडत नाही, म्हणून आयांना ते हवंहवंसं वाटलं. घामोळ्यांनी मुलांची पाठ भरायची, हा त्याचा दोष. शिवाय नायलॉनचा झालरीचा फ्रॉक पेटला की वितळून कातडीला चिकटतो. फटाक्यांच्या दिवसांत मुलांना सुतीच घाला, घोळ बेताचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर मुलांच्या कपड्यांचं कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून आणि होजिअरी तिरुपूरहून येणं वाढत गेलं.

तयार कपड्यावरचा १६, १८, २० हा आकडा कशाचा?

फ्रॉकवर तो बहुधा लांबीचा इंच असतो. वयाचा नव्हे. ‘दोन वर्षांचं द्या’ असं न सांगता खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मापून जा. दादरच्या रानडे रोडला गर्दीत घालून बघायला वेळ मिळत नाही, टेप मात्र पिशवीत राहते.

आजीची कुंची पेटीत आहे. ती टिकवायची कशी, आणि बाळाला घालायची का?

आधी तपासा. गंजलेली पिन किंवा हुक असेल तर आधी काढा, गंजाचा डाग पुढे भोक पाडतो. रेशीम दुमडीवर तडकलं असेल तर धुऊ नका, ओलं झालं की ते तिथेच फाटतं. जरीवर काळपटपणा आला असेल तर घासू नका, वरचा मुलामा निघून जातो.

ठेवताना धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुंबईची दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. वर्तमानपत्र आणि रबरबँड जवळ नकोत. रबरातल्या गंधकाने जरीची तार काळी पडते. डांबरगोळ्या जरीला थेट लागू देऊ नका, आणि बाळाला घालायच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नका. खळ राहिलेल्या कापडावर कसर येते, म्हणून खळ घालून कधीच ठेवायचं नाही. दर सहा महिन्यांनी, पावसाळा संपल्यावर नक्की, काढून सावलीत दोन तास वारा द्या आणि घडी वेगळ्या जागी घाला.

कीड दिसली तर कपडा घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ कापडावर पाणी होऊन बसते.

बारशाच्या दिवशी पाच-दहा मिनिटं घालायला हरकत नाही. आत मऊ टोपडं घाला, म्हणजे जुन्या जरीची तार टाळूला लागणार नाही आणि बाळाच्या डोक्याचं तेल रेशमाला लागणार नाही. सैल झालेली घुंगरं, टिकल्या, मणी आधी एकेक ओढून बघा. निघणारं असेल ते उसवून एका पुडीत ठेवा आणि पुडीवर तारीख लिहा, म्हणजे पुढे पुन्हा शिवता येईल.